नाकबाईचं डोकं

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, चौथ्या पट्टीवर, नाकबाईचं डोकं फुटलं. फुटलं असं तिला वाटलं. समोर बसलेल्या केमिस्टला एवढंच दिसलं की बाईंनी कागदाची पट्टी नाकाखाली धरली, डोळे मिटून श्वास आत ओढला आणि पट्टी खाली ठेवायच्या ऐवजी दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली. मानेच्या मागे, केस संपतात तिथून काहीतरी निघालं आणि तिने धड 'आई गं' म्हणायच्या आत कपाळापर्यंत पोचलं. डोकेदुखी तिला नवी नव्हती. पण एरवीची डोकेदुखी पाहुण्यासारखी येते, दारात उभी राहते, चपला काढते, मग हळूहळू घरभर पसरते. ही आली ती पूर्ण वाढलेलीच आली. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि त्या गदारोळात तिला काळजी पडली ती एकाच गोष्टीची, पट्टी कुठे गेली. पट्टी मांडीवर पडली होती. तिने ती उचलली, वहीच्या रकान्यात 'जुळतं' असं लिहिलं, सही केली, आणि मग टेबलावर डोकं टेकलं.

साबणाच्या या कारखान्यात ती सव्वीस वर्षं वास घेत होती. तिच्या हुद्द्याचं कागदावरचं नाव लांब आणि रुबाबदार होतं, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. दरवानापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला तोंडावर बाई आणि पाठीमागे नाकबाई म्हणत, आणि पाठीमागचं नाव तिला जास्त आवडे. सुगंधाचं पिंप आलं की त्यातलं थोडं बाटलीत भरून तिच्यासमोर येई. थंड कपाटात ठेवलेल्या मूळ नमुन्यात एक पट्टी बुडवायची, नव्या मालात एक, आणि आधी ही हुंगायची, मग ती. लगेच, दहा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी. मधूनमधून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा, म्हणजे नाकाची पाटी कोरी होते. तिने 'जुळत नाही' लिहिलं की अख्खं पिंप परत जाई, मग साहेब कितीही चिडोत. डोक्याला वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही, कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने हौसेने आणलेली अत्तराची बाटली तिने शेजारणीला देऊन टाकली होती आणि नवऱ्याने चार दिवस तोंड फुगवलं होतं. आता शेजारच्या खोलीत एक यंत्र आलं होतं. त्याला थेंब पाजला की ते कागदावर उंचसखल डोंगर काढून दाखवी आणि केमिस्ट ते मोजत बसे. तरी शेवटची सही बाईंची, कारण यंत्राला डोंगर काढता येतात, वास येत नाही, असं मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत. हे वाक्य सुरू झालं की अलीकडे ती खिडकीबाहेर बघायला लागायची.

मंगळवारचं अर्ध्या तासात ओसरलं. केमिस्टने पाणी आणून दिलं, "बाई, घरी जाता का?" म्हणाला, आणि ती म्हणाली, "पित्त आहे, सकाळपासून पोटात काही नाही." पित्त म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. घरी नवऱ्यालाही तिने पित्तच सांगितलं. नवऱ्याने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो कंपनीच्या ऑफिसात बसून लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेत असे. घाबरू नका, आत हवा येते, माणूस निघालाय, ही तीन वाक्यं त्याच्या जिभेवर इतकी बसली होती की घरात दिवे गेले तरी तो तीच म्हणे. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "घाबरू नकोस. हवा येते." ती हसली. हसल्यावर मानेमागे काहीतरी हललं, म्हणून हसणं तिने अर्ध्यावर आवरलं.

गुरुवारी सकाळी न्हाणीघरात तिने गरम पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि तेच पुन्हा झालं, या वेळी पहिल्यापेक्षा जोरात. आपण फरशीवर बसलो की पडलो हे तिला नंतरही कधी आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की पाणी मोरीकडे वाहत होतं, साबण वाहत तिच्या गुडघ्यापाशी आला होता, आणि तो साबण त्यांच्याच कारखान्याचा होता. दाराची कडी नवऱ्याने बाहेरून कशी काढली ते त्याचं त्याला ठाऊक. दारं उघडण्यात त्याचा जन्म गेला होता. टॅक्सीत तिने ओला टॉवेल डोक्याला धरला होता आणि नवरा ड्रायव्हरला म्हणत होता, "खड्डे चुकवा हो जरा." पित्ताचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

दवाखान्यात आधी तिला एका गोल यंत्रात सरकवलं आणि मेंदूत रक्तस्राव नाही असं सांगितलं. मग पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. तेही नितळ निघालं. सगळं चांगलं निघत होतं आणि डोकं मात्र फुटत होतं. खिडकीशेजारची खाट मिळाली. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज सगळं तिसऱ्यांदा सांगत असल्यासारखा. त्या खाटेच्या कडेला स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "ताई, कुठलं औषध चालू आहे? रोजचं, अधूनमधूनचं, कसलंही." ती म्हणाली, "काही नाही." नवरा पलीकडून म्हणाला, "ही सर्दीची गोळीसुद्धा घेत नाही, डॉक्टर. सव्वीस वर्षांत सर्दीची एक रजा नाही. कारखान्यात रेकॉर्ड आहे हिचं." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्या वेळी ती खोटं बोलली नव्हती. पर्समध्ये, कंगव्याशेजारी, बोटाएवढी प्लास्टिकची बाटली होती, पण ती तिला आठवलीदेखील नाही. चष्म्याला कोणी औषध म्हणतं का?

ती बाटली तिला वस्तादांनी दिली होती. वस्ताद म्हणजे तिच्या आधीचं नाक. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी तिच्यापुढे बारा पट्ट्या मांडल्या होत्या, अकरा कोऱ्या आणि एक वासाची, आणि ती ओळखायला सांगितली होती. तिने ती ओळखली आणि वर म्हणाली, "तुमच्या डाव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या आहेत." वस्तादांनी साहेबांकडे न बघताच, "उद्यापासून ये," म्हणून सांगितलं. नाक तिला जन्मापासूनचं. वडील पुस्तकं बांधायचे. खळीचा, कापडाचा, जुन्या कागदाचा वास घेऊन ते दुपारी कोणाकडचं काम करत होते हे ती शाळेतून आल्या आल्या सांगायची. धाकट्या भावाला ताप येणार असला की तिला आदल्या रात्री कळायचं, त्याच्या केसांतून. आई म्हणायची, हिच्या नाकाला नजर लागेल, आणि मग स्वतःच हसायची. वस्तादांनी त्या नाकाला शिस्त लावली. आपल्या धंद्यात सर्दी ही चोरी आहे, असं ते म्हणत. पहिल्या वर्षी तिचं नाक चोंदलं, तेव्हा त्यांनी तिला बोळात बोलावून बाटली दिली आणि मान मागे करून दोन-दोन थेंब घालायला लावले. पाच मिनिटांत नाक असं उघडलं की बोळाच्या टोकाला कोणी संत्रं सोलतंय ते कळलं. तिने विचारलं होतं, "वस्ताद, हे औषध रोज घेतलेलं चालतं?" ते म्हणाले, "औषध आजाऱ्याला. ही आपली धार आहे. सुतार पटाशीला धार लावतो ना, तशी." त्या दिवसापासून तो शब्द बसला. आठवड्यातून एकदा धार, मग एक दिवसाआड, मग रोज सकाळी. घरीही ती कामाची बाटली म्हणूनच ओळखली जायची. सव्वीस वर्षांत तिने ती औषधांच्या डब्यात एकदाही ठेवली नव्हती.

शुक्रवारी पुन्हा यंत्रात सरकवलं, या वेळी हातातून रंग सोडून, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी चित्र आणून दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या फांद्या. "या मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या. इथे बघा. अशी सरळ, सारख्या जाडीची दिसायला हवी. तुमची इथे आवळली आहे, पुढे फुगली, पुन्हा आवळली." नवऱ्याने चष्मा वर सरकवून वाकून पाहिलं आणि विचारलं, "कचरा अडकलाय का?" "नाही, आत काही अडकलेलं नाही. नळीच्या भिंतीलाच बारीक स्नायू असतात, ते आवळले जातात. पायात गोळा येतो ना, तसं काहीसं. म्हणून अचानक आणि एवढं दुखतं. वाकलं, कुंथलं, गरम पाणी घेतलं, की पुन्हा. याचं नाव लांबलचक आहे, ते सोडा. बहुतेकांच्या नळ्या दोन-तीन महिन्यांत आपोआप सैल होतात." नवऱ्याने सुस्कारा सोडला. "पण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोवर जपायचं. फार आवळल्या आणि तशाच राहिल्या, तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हात जाऊ शकतो, वाचा जाऊ शकते, नजर जाऊ शकते." चित्र पाकिटात घालत त्या म्हणाल्या, "आणि आवळायला बऱ्याचदा काहीतरी कारण असतं. ते सापडलं पाहिजे." गोळ्यांचा कागद घेऊन नवरा खालच्या दुकानात गेला तेव्हा त्यांनी कारणांची यादीच वाचायला घेतली. वजन कमी करायच्या गोळ्या? नाही. अर्धशिशीच्या? नाही. मनाच्या आजाराच्या? नाही. नाकात घालायचे थेंब, फवारा?

आता बाटली आठवली. नुसती आठवली नाही, पर्समध्ये कुठल्या कप्प्यात आहे, किती उरली आहे, टोपणाला चीर कुठे गेली आहे, सगळं एकदम आठवलं. दोन तासांपूर्वीच ती वॉर्डच्या न्हाणीघरात जाऊन मान मागे करून आली होती. आणि तिच्या तोंडातून शांतपणे आलं, "नाही." डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं. खोटं इतकं सहज बोलता येतं याचंच तिला नवल वाटलं, पण मग लक्षात आलं की सरावच होता. दोन वर्षं ती रोज वीस-पंचवीस वेळा लिहून खोटं बोलत होती, खाली सही करून.

कारण तिला वास येत नव्हता. हे वाक्य तिने मनातल्या मनातही कधी पूर्ण केलं नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर, छताकडे बघत, ते पहिल्यांदा पूर्ण झालं. असा एखादा दिवस सांगता येत नाही, की त्या दिवशी गेला. आधी थेंबांशिवाय यायचा नाही. मग थेंबांनी तासभर यायचा. मग थेंबांनी नाक उघडायचं, वारा आतबाहेर खेळायचा, पण वाऱ्याबरोबर कोणीच यायचं नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिने मूळ नमुन्याची बाटली दोषी धरली, वास उडून गेला असेल म्हणून. पट्टी नाकाशी धरून, डोळे मिटून ती बसून राहिली, आणि थोड्या वेळाने वास आला. आधी लिंबाच्या सालीचा हिरवा, मग मधला फुलांचा, मग तळाचा, लाकडासारखा कोरडा. आला, पण बाहेरून आला नव्हता. कारखान्याचे चाळीसएक वास तिला पाढ्यांसारखे पाठ होते. एकदा सुरू केला की शेवटपर्यंत जायचा. तिने 'जुळतं' लिहिलं. जुळणारच होतं. पाठ केलेलं स्वतःशी जुळणार नाही तर काय? दोन वर्षांत जवळजवळ एकही पिंप परत गेलं नाही आणि साहेब म्हणाले, "बघा, पुरवठादार सुधारला." एकदाच यंत्राचे डोंगर वेगळे आले होते. केमिस्ट तिच्या तोंडाकडे बघत होता, ती त्याच्या. दोघंही वाट बघत होती. तिला उत्तर त्याच्या भुवईत दिसलं आणि तिने 'जुळत नाही' लिहिलं. तो कँटीनमध्ये सांगत सुटला की यंत्र विचार करत होतं तोवर बाईंनी पकडलं सुद्धा. त्या दिवशी घरी येऊन ती अंधार पडेपर्यंत दिवा न लावता बसली होती. लोक म्हणतात नाक कापलं जाईल, म्हणजे अब्रू जाईल. तिची अब्रू म्हणजे खरोखरच एक नाक होतं, आणि ते सगळ्यांच्या देखत, कोणाला न दिसता, निघून गेलं होतं. उरली होती ती बाटली. बाटलीमुळे निदान नाक उघडं तरी राहायचं, उघडं नाक घेऊन खुर्चीत बसता तरी यायचं. डॉक्टरांना सांगितलं की बाटली जाणार. बाटली गेली की चोंदलेल्या नाकाने, तोंडाने श्वास घेत, कोण वासाची सही करू देईल? मग काय, पॅकिंगला बसवतील, खोके मोजायला. सगळे चांगले वागतील, तेच जास्त वाईट.

तिला कंटाळा आला होता. डोकं दुखायचा, खोटं बोलायचा, छताच्या त्या एका ओल्या डागाचा, आणि सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचा. दोन वर्षं ती सगळ्यांच्या तोंडावर लक्ष ठेवून होती. लिफ्टमध्ये कोणी नाक मुरडलं तर आपणही मुरडायचं, कोणी 'काय घमघमाट' म्हटलं तर मान डोलवायची. घरी दूध नासलेलं कळत नाही म्हणून ती ते आणल्या आणल्या उकळायची. गॅसचं बटण झोपायच्या आधी तीनतीनदा बघायची. एवढ्या कष्टांत दुसरी एखादी विद्या शिकून झाली असती. खाटेवर पडल्या पडल्या तिला वाटलं, की या नळ्या महिनाभर आवळलेल्याच राहाव्यात, निदान कोणी पट्टी घेऊन येणार नाही. मग वाचा जाऊ शकते, नजर जाऊ शकते हे आठवलं आणि तिने तो विचार घाईने मागे घेतला, कोणीतरी ऐकेल म्हणून. बाटलीत थोडं उरलं होतं. नाकाने पुन्हा दार लावून घेतलं होतं. हल्ली दोन तासही दम धरत नसे. शनिवारी ती तीन वेळा न्हाणीघरात गेली. तिसऱ्या वेळेला बेसिनपाशीच डोकं फुटलं आणि सिस्टरनी तिला धरून खाटेवर आणलं. त्या वेळी मात्र तिला कळलं. थेंब आणि डोकं, मंगळवारचं, गुरुवारचं, आजचं, सगळं ओळीने कळलं. केमिस्टला सांगितलं असतं तर त्याने कागदावर काढून दाखवलं असतं. कळूनही ती गप्प राहिली.

रविवारी सकाळी उठली तेव्हा जगाची डावी बाजू नव्हती. अंधार नव्हता, काळं काही नव्हतं. नवऱ्याचा चेहरा उजव्या कानापासून नाकापर्यंत नुसता दिसतच नव्हता. तिने मान वळवली तेव्हा राहिलेला नवरा आला. "अहो, तुम्ही जरा या बाजूला बसा ना," ती म्हणाली, आणि मग काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं. वीस मिनिटांनी सगळं परत दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत आल्या, तिला बोटं मोजायला लावली, तळपायांवर किल्ली ओढली, गोळ्या वाढवल्या आणि दुपारी चारला पुन्हा चित्र काढायचं ठरवलं. जाताना त्या नवऱ्याला दारात म्हणाल्या, आणि तिला ते ऐकू आलं, "गोळ्यांनी थोडं तरी सैल व्हायला हवं होतं एव्हाना. काहीतरी अजून आवळतंय. मला कळत नाहीये."

तीन वाजता नवरा तिची पर्स उचकत होता. तिला चष्मा हवा होता. ती तोंडाने श्वास घेत पडली होती. शनिवारनंतर तिने थेंब घातले नव्हते, शहाणपणाने नाही, उठवत नव्हतं म्हणून. नाक दगडासारखं बंद. नवऱ्याने कंगवा बाहेर काढला, रुमाल, किल्ल्या, आणि मग ती बाटली. "अगं, ही तुझी कामाची बाटली इथेच आहे की," तो म्हणाला. "कधीची सूंसूं करते आहेस. सांगायचं नाही का?" त्याने टोपण फिरवलं. चीर गेलेलं टोपण त्याच्या बोटाला टोचलं असावं, कारण त्याने बोट झटकलं. "तू उठू नकोस. मान मागे कर. मीच घालतो."

त्याने उशी नीट केली, डाव्या हाताने तिची हनुवटी वर उचलली आणि बाटली उलटी धरली. तीस वर्षं बारीक स्क्रू फिरवलेला हात, अजिबात हलत नव्हता. थेंब बाटलीच्या तोंडाशी येऊन लोंबला. ती त्या थेंबाकडे खालून बघत होती. स्वतःच्या हाताने तिने ते किती हजार वेळा घातले असतील, त्याचं तिला काही नव्हतं. पण हा घालणार. चार वाजता चित्र काढायला नेतील, किंवा नेण्याआधीच काही होईल, हात जाईल, वाचा जाईल, आणि वाचा गेली तर याला कोणी कधी सांगणारही नाही. हा उरलेलं आयुष्य घाबरू नकोस, हवा येते म्हणत तिचं अन्न भरवत राहील आणि त्याला कळणारच नाही की आपणच. तिने त्याचं मनगट धरलं. थेंब तिच्या गालावर पडला आणि कानाकडे गेला.

"नको," ती म्हणाली. "डॉक्टरांना बोलवा."

"काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय. बोलवा तुम्ही."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिने बाटली पुढे केली. त्यांनी ती हातात फिरवून बारीक अक्षरं वाचली. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्या स्टूलवर बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस?" "सव्वीस वर्षं." "रोज?" "हल्ली आठ-दहा वेळा." "इथे आल्यावरही?" "हो." नवरा कधी तिच्याकडे, कधी डॉक्टरीणबाईंकडे बघत होता. "पण ते औषध नाही हो," तो म्हणाला, "ते कामाचं आहे." डॉक्टरीणबाईंनी बाटली ॲप्रनच्या खिशात टाकली आणि त्याला समजावून सांगितलं. नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून नाक उघडतं. हे थेंब आवळायचंच काम करतात. रोज घातले की नाक त्यांच्याशिवाय आणखी फुगतं, मग आणखी थेंब. आणि ते फक्त नाकातच थांबतील असं नाही. एखाद्याच्या मेंदूतल्या नळ्याही आवळतात. "आता एकही थेंब नाही, कधीच नाही. नळ्या सुटतील, मला आशा आहे. नाक तीन-चार आठवडे बंद राहील, त्रास होईल, मग हळूहळू उघडेल."

"आणि वास?" नवऱ्याने विचारलं. "हिचं कामच ते आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता खोटं बोलायला लागणारी ताकद तिने स्वतःत शोधली आणि ती कुठेच सापडली नाही. "वास दोन वर्षं झाली येत नाही," ती म्हणाली. बोलून झाल्यावर काहीच कोसळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाक उघडल्यावर कधी कधी येतो परत, कधी नाही. खात्री देता येणार नाही." त्या चित्राच्या तयारीचं सांगायला निघून गेल्या.

नवरा स्टूलवर बसला. पर्समधून काढलेल्या वस्तू तो एकेक करून परत आत ठेवत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"जवळजवळ."

"मग कारखान्यात काय करायचीस? रोज नऊ ते सहा?"

"आठवायचे."

त्याने मान हलवली, समजल्यासारखी. मग स्वतःचे हात पुढे धरून उलटसुलट करून पाहिले. "मी ऑफिसात बसायला लागून दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "टेबल, फोन, वही. हाताला ग्रीस लागत नाही."

तो कुठे निघालाय ते तिला कळेना. "मग?"

"मग तू रोज संध्याकाळी दारातच म्हणतेस, ग्रीसचा वास येतोय, आधी हात धुवा."

ती बघत राहिली. म्हणत होती. आत्ताच्या सोमवारीसुद्धा म्हणाली होती. तिला तो वास येतही होता, काळा, गोडसर, लोखंडाचा; दार उघडलं की यायचा, लग्नाच्या पहिल्या दिवसापासून यायचा. "आणि तुम्ही धुवायचात," ती म्हणाली.

"धुवायचो."

"सांगायचं नाही का, की नाहीये म्हणून?"

"पहिल्या आठवड्यात स्वतः हुंगून बघितले. मला काही आला नाही." तो जरा ओशाळला. "म्हटलं, असेल. नाक तुझं आहे."

चार वाजायला आले होते. बाहेर व्हरांड्यातून स्ट्रेचरची चाकं जवळ येत होती. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि तळवा नाकाशी धरला. बंद नाकाने जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं, डोकं सांभाळून, आणि या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"येतोय?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिने तसाच धरून ठेवला.